प्रतिजैविक काढून घेतल्यावरही काही प्लास्मिडे का टिकून राहतात?

जिवाणूशास्त्र_शिक्षिका

नमस्कार. मी पदव्युत्तर वर्गाला जिवाणूंची आनुवंशिकी शिकवते. प्लास्मिडांचे प्रकरण शिकवताना या वर्षी विद्यार्थ्यांनी एक शंका इतक्या नेमकेपणाने मांडली, की तिचे नीट उत्तर मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नये असे मला वाटते.

पाठ्यपुस्तकांत साधारणपणे असे सांगितलेले असते की प्लास्मिड हा गुणसूत्राबाहेर राहणारा आणि आपल्या प्रतिकृतीची सुरुवात स्वतः करणारा डीएनए असून एरवी जगण्यासाठी जिवाणूला त्याची गरज नसते. त्याच्या प्रती काढणे आणि त्यावरील जनुकांपासून प्रथिने बनवणे यांवर पेशीची ऊर्जा खर्च होते. त्यामुळे माध्यमातून प्रतिजैविक काढून घेतले, की प्लास्मिड गमावलेल्या पेशी वेगाने वाढतात आणि प्लास्मिडधारक पेशींना मागे टाकतात. पीयूसी१९ हे प्लास्मिड असलेला ई. कोलाय आम्ही अँपिसिलिन न घालता रोज ताज्या माध्यमात वाढवत गेलो, तेव्हा अगदी असेच झाले आणि थोड्याच दिवसांत बहुतेक वसाहती अँपिसिलिनला बळी पडू लागल्या.

दुसरा वाण मात्र वेगळा वागला. तो मूळचा एका रुग्णालयाच्या सांडपाण्यातून वेगळा केलेला असून त्यातील प्लास्मिड सुमारे एक लाख बेसजोड्यांचे आहे आणि प्रत्येक पेशीत त्याच्या एक-दोन प्रतीच असतात. तेवढेच दिवस प्रतिजैविकाविना वाढवल्यावर तपासलेल्या शंभरेक वसाहतींपैकी एकीनेही प्रतिरोध गमावलेला नव्हता.

विद्यार्थ्यांचा प्रश्न असा, की पेशीत ज्याच्या शेकडो प्रती आहेत ते प्लास्मिड हरवते आणि ज्याच्या एक-दोनच आहेत ते टिकते, हे उलटे कसे? आणि हे टिकणे पेशीच्या आतल्या व्यवस्थेमुळे आहे, की ज्या पेशींनी प्लास्मिड गमावले त्यांना ते शेजारच्या पेशींकडून पुन्हा मिळते म्हणून आहे?

पेशीविभाजन

मॅडम, आपल्या विद्यार्थ्यांनी प्रतीसंख्येवर बोट ठेवले ते फार बरे झाले, कारण बहुतेक गोंधळ तिथेच सुरू होतो. मी पेशीच्या आत घडणाऱ्या गोष्टींपुरते लिहितो. पेशीबाहेरच्या प्रसाराबद्दल इथे माझ्यापेक्षा अधिक अधिकाराने सांगणारे आहेत.

पीयूसी१९ हे कोलई१ या नैसर्गिक प्लास्मिडच्या जवळच्या कुळातले आहे. या कुळात प्रतिकृती सुरू करण्यासाठी प्लास्मिडचे स्वतःचे एकही प्रथिन लागत नाही. प्रतिकृतीच्या आरंभस्थानाच्या ५५५ बेस अलीकडून आरएनए-२ नावाचा रेणू लिहिला जाऊ लागतो, तो डीएनएला चिकटून राहतो, आरएनेझ-एच हे विकर त्याला योग्य जागी कापते आणि त्या टोकापासून यजमान पेशीचेच डीएनए पॉलिमरेज-१ नवा डीएनए बांधू लागते. या प्रक्रियेला लगाम घालतो तो आरएनए-१ हा १०८ बेसचा लहानसा रेणू. तो त्याच डीएनएच्या दुसऱ्या धाग्यावरून उलट दिशेने लिहिला जातो, त्यामुळे आरएनए-२ च्या सुरुवातीच्या भागाशी त्याची जोडी तंतोतंत जुळते. ती जुळली की आरएनए-२ ची घडी बदलते आणि तो डीएनएला चिकटू शकत नाही. आरएनए-१ सतत तयार होतो आणि लवकर नष्टही होतो, म्हणून कोणत्याही क्षणी पेशीत तो किती आहे यावरून प्लास्मिडच्या प्रती किती आहेत हे ठरते. प्रती वाढल्या की लगाम आवळला जातो, कमी झाल्या की सैल होतो. रॉप नावाचे ६३ अमिनो आम्लांचे प्रथिन या दोन आरएनएंची जुळणी सोपी करते. पीयूसी मालिकेत रॉपचे जनुक काढून टाकलेले आहे आणि आरएनए-२ मध्ये एक बिंदू-उत्परिवर्तनही आहे. त्यामुळे मूळ कोलई१ च्या पंधरा-वीस प्रती असतात, तिथे पीयूसीच्या शेकडो होतात.

आता हिशोब पाहू. विभाजनाच्या वेळी पेशीत स्वतंत्रपणे हिंडणाऱ्या 'न' इतक्या प्रती (न ही संख्या) असतील आणि प्रत्येक प्रत कोणत्याही एका कन्यापेशीत सारख्याच शक्यतेने जात असेल, तर एखादी कन्यापेशी रिकामी राहण्याची शक्यता २ चा (१ − न) वा घात इतकी असते. प्रती दोन असतील तर निम्म्या विभाजनांत एक कन्यापेशी रिकामी निघेल. प्रती वीस असतील तर ही शक्यता ५,२४,२८८ मध्ये एक, आणि चाळीस असतील तर सुमारे ५५ हजार कोटींमध्ये एक इतकी खाली येते. या हिशोबाने पीयूसी१९ प्रयोगशाळेत हरवायलाच नको.

ते हरवते, कारण प्रती 'स्वतंत्रपणे हिंडणाऱ्या' आहेत हे गृहीतक खरे ठरत नाही. एकाच क्रमाची अनेक वर्तुळे एका पेशीत असली की सजातीय पुनर्संयोगाने, म्हणजे सारख्या क्रमांच्या डीएनएंच्या अदलाबदलीने, दोन वर्तुळांचे मिळून एक मोठे वर्तुळ बनते. अशा द्विखंडी वर्तुळात प्रतिकृतीची आरंभस्थाने दोन असल्याने त्याची प्रत निघण्याची संधी दुप्पट होते, आणि पाहता पाहता काही पेशींत जवळपास सगळी प्लास्मिडे जोडवर्तुळेच होऊन बसतात. आरएनए-१ ची यंत्रणा आरंभस्थाने मोजते, वर्तुळे मोजत नाही. म्हणून आरंभस्थाने तेवढीच राहिली तरी वाटणीला येणारे नग निम्मे, चतुर्थांश असे घटत जातात. कोलई१ वर यावर उपाय आहे. त्याच्यावरील सर नावाच्या स्थानी यजमानाची झेरसी आणि झेरडी ही विकरे जोडवर्तुळे सोडवून पुन्हा एकेरी करतात. पीयूसी१९ बांधताना हे स्थान त्यात आलेले नाही. ते जनुके जोडण्याच्या सोयीसाठी घडवलेले साधन आहे आणि प्रतिजैविकाच्या पहाऱ्याखालीच वापरले जावे हे त्यात गृहीत आहे. शिवाय शेकडो प्रतींचा खर्च मोठा असल्यामुळे एकदा रिकामी पेशी तयार झाली की तिची वाढ झपाट्याने होते. आपल्याला थोड्या दिवसांत जो बदल दिसला, त्यात मूळ गळतीपेक्षा वाढीच्या वेगातील या फरकाचा वाटा मोठा असणार.

मोठ्या, मोजक्या प्रतींच्या प्लास्मिडला नशिबावर विसंबून राहणे परवडत नाही. एफ प्लास्मिडचे उदाहरण घेतो, कारण आपले सांडपाण्यातील प्लास्मिड आकार आणि प्रतीसंख्या पाहता त्याच प्रकारचे असावे असे वाटते. एफवर रेप-ई हे प्रथिन आणि ते ज्यांना चिकटते ते पुनरावृत्त डीएनए-क्रम यांच्या साहाय्याने प्रतींवर अतिशय कडक नियंत्रण ठेवले जाते. वाटणीसाठी सोप-ए आणि सोप-बी ही प्रथिने आणि सोप-सी हे डीएनएवरील स्थान अशी स्वतंत्र यंत्रणा असते. सोप-बी प्लास्मिडला धरते, सोप-ए हे एटीपी वापरणारे प्रथिन पेशीच्या गुणसूत्रावर पसरलेले असते, आणि दोहोंच्या क्रियेने प्लास्मिडच्या प्रती पेशीच्या दोन अर्धांत नेऊन ठेवल्या जातात. आर१ या दुसऱ्या प्लास्मिडने हेच काम अगदी निराळ्या मार्गाने साधले आहे. तिथे पार-एम हे प्रथिन आपल्या स्नायूंमधील ॲक्टिनसारखे तंतू बनवते आणि ते तंतू वाढत जाऊन दोन प्रतींना पेशीच्या दोन टोकांकडे ढकलतात. हे काम इतके नेमके चालते की दोनच प्रती असूनही रिकामी कन्यापेशी विरळाच निघते.

तरीही एखादी निघालीच, तर तिसरी व्यवस्था आहे. एफवर सीसीडीबी हे विष आणि सीसीडीए हे त्याचे प्रतिविष अशी जोडी असते. विष टिकाऊ असते, तर प्रतिविषाला लॉन नावाचे प्रोटिएज (प्रथिने तोडणारे विकर) सतत तोडत असते. प्लास्मिड पेशीत असेपर्यंत नवे प्रतिविष बनत राहते. ते गेले की साठ्यातील प्रतिविष आधी संपते, विष डीएनए गायरेजला (डीएनएचा पीळ सांभाळणाऱ्या विकराला) जखडते आणि त्या पेशीची वाढ खुंटते किंवा ती मरते. आर१ वरील हॉक-सॉक जोडीत प्रतिविषाचे काम अल्पायुषी आरएनए करतो आणि हॉक हे छोटे प्रथिन पेशीपटलावर आघात करते. १९८०च्या दशकात या दोन्ही यंत्रणा उलगडल्या, तेव्हा प्लास्मिड म्हणजे यजमानाच्या मर्जीवर राहणारा उपरा डीएनए ही कल्पना मागे पडली. माझ्या मते त्या दशकाने या विषयाला दिलेली ही सर्वांत मोलाची गोष्ट आहे.

निदान_कक्ष

वरच्या विवेचनाला मी प्रसाराची बाजू जोडते. मी रुग्णालयाच्या निदान प्रयोगशाळेत काम करते आणि आमच्यासाठी हा प्रश्न रोजच्या अहवालांचा आहे.

संयुग्मनात, म्हणजे एका पेशीने दुसरीला जोडून घेऊन डीएनए देण्याच्या क्रियेत, देणाऱ्या पेशीचे प्लास्मिड तिच्याकडून जात नाही. रिलॅक्सेज हे विकर प्लास्मिडच्या हस्तांतरण-आरंभस्थानी एकच धागा कापते आणि त्याच्या टोकाला स्वतः घट्ट जोडले जाते. तो धागा चौथ्या प्रकारच्या स्राव-यंत्रणेतून (पेशीच्या आवरणातील प्रथिनांच्या मार्गातून) दुसऱ्या पेशीत शिरतो, तिथे त्याचे पुन्हा वर्तुळ होते आणि पूरक धागा बांधला जातो. देणाऱ्या पेशीतही गेलेल्या धाग्याची भरपाई होते. शेवटी दोन्ही पेशी प्लास्मिडधारक होतात, आणि नवी धारक पेशी लगेच पुढच्या पेशीला ते देऊ शकते. गुणसूत्रात एकरूप झालेला एफ ई. कोलायचे ४६ लाख बेसजोड्यांचे संपूर्ण गुणसूत्र ३७ अंशांना सुमारे १०० मिनिटांत पलीकडे नेतो. त्या वेगाने एक लाख बेसजोड्यांच्या प्लास्मिडला दोन-तीन मिनिटे पुरतात. कोलई१ सारखी लहान प्लास्मिडे स्वतःची स्राव-यंत्रणा बाळगत नाहीत, पण शेजारी मोठे संयुग्मी प्लास्मिड असेल तर त्याच्या मार्गाने पलीकडे जातात.

एक गोष्ट वर्गात सहसा सांगितली जात नाही. प्रयोगशाळेतील एफ सतत हस्तांतरणाला सज्ज असतो, कारण त्याच्या फिन-ओ या आवरणाऱ्या जनुकात एक उडते जनुक घुसून ते निकामी झालेले आहे. निसर्गातील एफसारख्या बहुतेक प्लास्मिडांत हे जनुक शाबूत असते, आणि केसरांची (दुसऱ्या पेशीला धरणाऱ्या तंतूंची) बांधणी खर्चिक असल्यामुळे हस्तांतरण बहुतेक वेळ बंद ठेवले जाते. नव्या पेशीत प्लास्मिड शिरल्यावर मात्र दडपणारी यंत्रणा उभी राहायला काही पिढ्या लागतात आणि तेवढ्या काळात ते वेगाने पुढे पसरते. म्हणून जिथे प्लास्मिडरहित पेशींचा मोठा समूह समोर येतो, तिथे प्रसाराची लाट उठते. सगळ्यांकडे प्लास्मिड झाले की ती ओसरते.

रोगप्रसाराच्या इतिहासात हे सर्वप्रथम जपानमध्ये स्पष्ट झाले. १९५०च्या दशकात तिथे रक्ती आवेच्या रुग्णांत सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन आणि क्लोरँफेनिकॉल या चारही औषधांना एकदम न जुमानणारा शिगेला सापडू लागला, आणि १९५९ मध्ये हा चौपदरी प्रतिरोध निव्वळ पेशी एकत्र वाढवल्याने ई. कोलायकडून शिगेलाकडे जातो हे दाखवले गेले. एका पेशीत चार स्वतंत्र उत्परिवर्तने एकाच वेळी होणे जवळजवळ अशक्य असल्याने चारही जनुके एकत्र प्रवास करतात हे मान्य करावे लागले.

आपल्याकडचे उदाहरण विषमज्वराचे आहे. १९७२ मध्ये मेक्सिकोत आणि केरळात कालिकतला क्लोरँफेनिकॉलला दाद न देणारा साल्मोनेला टायफी हा विषमज्वराचा जिवाणू आढळला आणि दोन्हीकडे प्रतिरोध हस्तांतरित होणारा होता. या जिवाणूत पुढे वारंवार भेटलेली प्लास्मिडे एचआय१ या प्लास्मिड-गटातील आहेत. त्यांचे संयुग्मन २२ ते ३० अंशांच्या दरम्यान उत्तम चालते आणि ३७ अंशांना जवळजवळ थांबते. म्हणजे रुग्णाच्या शरीरापेक्षा पाणी, गटार, मैला या ठिकाणी ही देवाणघेवाण होणे अधिक संभवते. आपल्या वाणाचे हस्तांतरण तपासायचे असल्यास केवळ ३७ अंशांच्या उबवणी-कपाटात ठेवून 'होत नाही' असा निष्कर्ष काढू नये, हे मी आवर्जून सांगेन.

२०१६ च्या अखेरीस पाकिस्तानातील सिंध प्रांतात हैदराबादला जो विषमज्वर पसरला, त्यातही असेच घडले होते. तिथल्या टायफीच्या गुणसूत्रात जुन्या औषधांविरुद्धची जनुके आधीच स्थिरावलेली होती. त्यात वाय या दुसऱ्या प्लास्मिड-गटातील एका प्लास्मिडने सेफट्रायाक्सोनविरुद्धचे सीटीएक्स-एम-१५ हे जनुक आणि फ्लुओरोक्विनोलोनविरुद्धचे आणखी एक जनुक आणून टाकले. तोंडावाटे देण्याजोगे भरवशाचे औषध म्हणून मुख्यतः ॲझिथ्रोमायसिन उरले.

जिवाणूशास्त्र_शिक्षिका

दोघांचेही मनापासून आभार. जोडवर्तुळांचा मुद्दा मी या प्रयोगाशी कधी जोडून पाहिला नव्हता. आता दोन उपप्रश्न उरतात. गळती जवळजवळ शून्य असली तरी धारक पेशीवर खर्चाचा बोजा आहेच. तर रिकाम्या पेशींशी स्पर्धा झाल्यास ती कालांतराने मागे पडू नये का? आणि सांडपाण्यात इतकी प्लास्मिडे असताना एकाच पेशीत सगळी का साठत नाहीत?

कृष्णाकाठ

मॅडम, खर्चाबद्दलचा आपला प्रश्न या विषयातील सर्वांत जुन्या वादांपैकी एक आहे. स्टुअर्ट आणि लेविन यांनी १९७७ मध्ये गणिती मांडणी करून दाखवले, की हस्तांतरणाचा वेग गळती आणि खर्च या दोहोंची भरपाई करण्याइतका असेल, तर काहीच उपयोगाचे नसलेले प्लास्मिडही समूहात टिकू शकते. हा वेग पेशींच्या घनतेवर अवलंबून असतो. पाण्यात विरळ तरंगणाऱ्या पेशींत तो पुरा पडणे अवघड, पण आतड्यात किंवा गटाराच्या भिंतीवरील दाट थरात पुरा पडू शकतो. तेव्हा 'आतल्या व्यवस्थेमुळे की शेजाऱ्यांकडून' याचे उत्तर परिस्थितीगणिक बदलते, आणि ढवळत्या चंबूतील निष्कर्ष गटाराला लावताना सावध राहिले पाहिजे.

दुसरे म्हणजे खर्च कायम तेवढाच राहत नाही. बौमा आणि लेन्स्की यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पीएसीवायसी१८४ हे प्लास्मिड बाळगणारा ई. कोलाय प्रतिजैविकासह ५०० पिढ्या वाढवला. सुरुवातीला प्लास्मिड ओझे होते. शेवटी मात्र त्याच उत्क्रांत पेशीतून प्लास्मिड काढून टाकून दोघांची स्पर्धा लावली, तेव्हा प्रतिजैविक नसतानाही प्लास्मिडधारक पेशी पुढे निघाल्या. जुळवून घेणारा बदल यजमानाच्या गुणसूत्रात झालेला होता. रुग्णालयाच्या सांडपाण्यातील वाण आणि त्याचे प्लास्मिड यांचा सहवास आपल्या चंबूत येण्यापूर्वी किती पिढ्यांचा असेल याचा विचार केला, तर त्याचा खर्च आता मोजण्यापलीकडे गेलेला असणे मुळीच अशक्य नाही. त्याखेरीज, आर१०० सारख्या अनेक प्लास्मिडांवर प्रतिजैविकांच्या जनुकांशेजारीच पाऱ्याविरुद्धची जनुके असतात, म्हणून एका दाबाने सगळा संच टिकून राहतो. पर्यावरणात प्रतिजैविक नसतेच असेही गृहीत धरता येत नाही. २००७ मध्ये तेलंगणातील पटनचेरूजवळ औषध कारखान्यांचे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात दर लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सॅसिन सापडले होते.

विष-प्रतिविषाच्या जोडीबद्दल थोडी सावधगिरी हवी. ती रिकाम्या झालेल्या पेशीला रोखते. ज्या पेशींत ते प्लास्मिड कधीच नव्हते, त्यांच्यावर तिचा काही अंमल चालत नाही. म्हणून बाहेरून आलेल्या, हलक्या आणि वेगाने वाढणाऱ्या वाणापुढे अशा प्लास्मिडचे धारक मागे पडू शकतात. विषमज्वराच्या बाबतीत भारतात जवळपास असे घडलेले दिसते. १९९०च्या दशकात डॉक्टर क्लोरँफेनिकॉल सोडून फ्लुओरोक्विनोलोनकडे वळले, गायरेज जनुकात बदल झालेले टायफी फोफावले, आणि पुढील वर्षांत क्लोरँफेनिकॉलला पुन्हा बळी पडणाऱ्या टायफीचे प्रमाण देशात वाढले. तो नवा प्रतिरोध गुणसूत्रातील उत्परिवर्तनावर उभा होता, त्याला जुने प्लास्मिड बाळगण्याची गरज नव्हती. याउलट सिंधमधील वाणात जुनी जनुके गुणसूत्रात जाऊन बसली असल्याने तिथे प्लास्मिड गमावून ती जाण्याची वाटच बंद झालेली आहे.

एका पेशीत सगळी का साठत नाहीत, याचे उत्तर वर दिलेल्या प्रतिकृती-नियंत्रणातच आहे. दोन प्लास्मिडांचा लगाम एकच असेल, तर यंत्रणेला दोघांतला फरक कळत नाही. ती एकूण प्रती मोजते आणि कोणाची प्रत काढायची हे यदृच्छेने ठरते. मग काही पिढ्यांत एका वंशशाखेत एकच उरते, दुसऱ्या शाखेत दुसरे. वाटणीची यंत्रणा एकच असली तरी हेच होते. एफ, एचआय, एक्स, वाय असे गट प्रथम याच वर्तनावरून पाडले गेले. त्यात भर म्हणून एफसारखी प्लास्मिडे पेशीच्या आवरणात ट्रा-टी आणि ट्रा-एस ही प्रथिने ठेवून आपल्याच प्रकारच्या दुसऱ्या प्लास्मिडला आत येण्यापासून अडवतात. वेगळ्या गटांतील प्लास्मिडे मात्र एकत्र नांदतात, आणि चार-पाच प्लास्मिडे बाळगणारा क्लेब्सिएला हा जिवाणू रुग्णालयात नवलाचा राहिलेला नाही.

आता आपल्या प्रयोगाबद्दल. शंभर वसाहतींत एकही संवेदनक्षम नसणे यावरून ९५ टक्के खात्रीने इतकेच म्हणता येते, की प्लास्मिड गमावलेल्या पेशी सुमारे ३ टक्क्यांपेक्षा कमी आहेत. एफच्या धर्तीच्या प्लास्मिडची गळती याहून कितीतरी कमी असू शकते, म्हणून काही हजार वसाहती मखमलीच्या ठशाने प्रतिजैविक असलेल्या आणि नसलेल्या थाळ्यांवर उमटवून पाहाव्या लागतील. प्रतिरोधाचे जनुक उडून गुणसूत्रात गेले आहे का, हेही वेगळे तपासावे, कारण तसे झाले असेल तर प्लास्मिड जाऊनही वसाहत प्रतिरोधकच दिसेल.

विद्यार्थ्यांच्या हाती रुग्णालयातून आलेला वाण देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. त्याऐवजी एक्सएल१-ब्लू हा नेहमीचा प्रयोगशाळेतील ई. कोलाय घ्यावा. त्यात टेट्रासायक्लिन प्रतिरोध असलेला एफ आधीच असतो. त्यातच पीयूसी१९ घातले की दोन वेगळ्या गटांची प्लास्मिडे एकाच पेशीत राहतात, आणि एकाच चंबूतून अँपिसिलिन व टेट्रासायक्लिनच्या थाळ्यांवर दोघांची गळती शेजारी शेजारी मोजता येते. सुरुवातीचे संवर्धन दोन्ही प्रतिजैविकांसह वाढवावे, नंतर पेशी धुऊन घ्याव्यात, म्हणजे माध्यमात साचलेले बीटा-लॅक्टमेज (अँपिसिलिन तोडणारे विकर) पुढे जाणार नाही. माध्यम पोषणाने समृद्ध असावे. या वाणात पुनर्संयोगाचे रेक-ए जनुक निकामी आहे, त्यामुळे जोडवर्तुळे फारशी होणार नाहीत. म्हणून रेक-ए शाबूत असलेल्या दुसऱ्या एखाद्या वाणात पीयूसी१९ समांतर वाढवावे, दोन्हींतून प्लास्मिड काढून अगारोज जेलवर चालवावे, आणि जोडवर्तुळांचे पट्टे व गळतीचे आकडे एकाच तक्त्यात मांडावेत.